काढती पेटी

दौंडात बंदुका दुरुस्त करणारा माणूस एकच, आणि तोही अर्धा दिवस पवित्रशास्त्र वाचत बसलेला असतो, अशी लोक थट्टा करायचे. थट्टेत खोटं काही नव्हतं. परवान्याच्या बंदुका तालुक्यात असून असून किती असणार? बँकेच्या दारातला गार्ड, नदीकाठचे चार बागायतदार, आणि आजोबांची दुनळी भिंतीवर टांगून तिच्याखाली फोटो काढून घेणारे दोन-तीन हौशी पुढारी. शमुवेल ओहोळला तेवढं पुरत होतं. फौजेत बावीस वर्षं त्यानं आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायचं काम केलेलं, पेन्शन वेळेवर येत होती, आणि कान असा तयार की बोल्ट मागेपुढे केल्याच्या आवाजावरून तो बंदुकीचं दुखणं सांगायचा.

हात जितका संथ, जीभ तितकी सैल. गिऱ्हाईक आलं की चहा, चहाबरोबर फौजेतल्या गोष्टी, आणि गोष्टींबरोबर फुकटचा सल्ला. जिभेला हाड नसतं, हे प्रेमाबाई त्याला लग्नापासून सांगत आली होती. चार वर्षांपूर्वी ते त्याला पटलं आणि दुकानातल्या गोष्टी बंद झाल्या.

तेव्हापासूनच दुकानाच्या उंबऱ्यावर एक बाई बसलेली असते.

ती दिसते असं नाही. दिसली असती तर एक वेळ बरं झालं असतं, पास्टरना बोलावून प्रार्थना तरी करून घेता आली असती. पण उंबऱ्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी पदर सावरून बसलंय हे शमुवेलला काम करताना पाठीला कळतं. आतबाहेर करताना तो तेवढी जागा सोडून पाय टाकतो. आणि हळदीचं तर काय सांगावं. बंदूक कुणाचीही असो, नळीतून तेलाचं फडकं ओढलं की ते पिवळं निघतं. प्रेमाबाई ते धुवायला नेते आणि म्हणते, "पिवळं कुठंय? काळं मिट्ट हाय. डोळं दाखवून या एकदा." त्यानं डोळे दाखवले. ते ठणठणीत निघाले, आणि त्यामुळे तो जास्तच घाबरला.

बाई कोण ते त्याला पक्कं ठाऊक होतं. राहू गावच्या बाळासोची बायको, धुरपदा.

बाळासोचं झेंडूचं आणि शेवंतीचं रान नदीला लागून. चौफेर ऊस, उसात रानडुकरं, म्हणून त्याच्या वडिलांनी घेतलेली ३१५ बोअरची रायफल घरात होती. तिचं मॅगझिन, काडतुसं ठेवायची जागा, जुन्या चालीचं, बंद पेटीचं, म्हणजे बंदुकीच्या पोटातच कायमचं बसवलेलं. वरून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, उघडायचा, एकेक काडतूस आत दाबायचं, आणि रिकामं करायचं तर पुन्हा बोल्ट मागेपुढे करत एकेक बाहेर काढायचं. धुरपदाला त्या बंदुकीची इतकी धास्ती की बंदूक टांगलेल्या खोलीत ती केरसुद्धा काढत नसे. शेवटी नवरा-बायको दोघं दौंडला आले. बाळासो स्टुलावर बसला. धुरपदाला आत बंदुकांजवळ बसायचं नव्हतं, ती उंबऱ्यावरच टेकली.

शमुवेलनं काढती पेटी सुचवली. खटका दाबला की अख्खं मॅगझिन काडतुसांसकट हातात येतं. ते कुलपात ठेवायचं, बंदूक भिंतीवर. काम झालं. आणि हे सांगताना, बशीतला चहा फुंकत, तो एक वाक्य बोलून गेला. "पेटी काढली की बंदूक म्हंजी गाय."

वाक्य खोटं होतं. पेटी काढली तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, आधीच चढलेलं काडतूस तिथंच राहतं, हे फौजेतला रंगरूट पहिल्या आठवड्यात शिकतो. शमुवेलनंच हजारांना ते शिकवलेलं. पण त्या दिवशी चहा चांगला झाला होता, बाळासो हसत होता, आणि बोल्ट उघडून बघायचं हे पुढचं अर्धं वाक्य तोंडातून आलंच नाही.

त्याच सालच्या खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, सकाळी बाळासोनं बंदूक पाटावर ठेवली, पेटी काढून शेजारी ठेवली. धुरपदानं दोन्हींना हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. हार वाकडा बसला म्हणून तिनं नळी धरून बंदूक आपल्याकडे ओढली. हाराचा दोरा चापात अडकला होता.

पंचनाम्याला पोलिसांनी जाणकार म्हणून शमुवेललाच नेलं. बंदूक व्यवस्थित, पेटी व्यवस्थित, खटका व्यवस्थित, असं त्यानं लिहून दिलं. बोल्टच्या खाचेत हळद दाटून बसली होती. ती त्यानं रॉकेलनं काढली आणि फडकं पिवळं झालं. ते त्या दिवशी खरोखरच पिवळं होतं, पोलिसांनीही पाहिलं होतं.

बाळासोनं जबाब दिला, आत एक हाय ते मी इसरलो. मिस्तरीनं असं सांगितलं होतं, हे तो बोलेल म्हणून शमुवेल कोर्टाच्या प्रत्येक तारखेला वाट बघत राहिला. बाळासो बोलला नाही. तारखा संपल्या, अपघात म्हणून निकाल लागला, आणि मिस्तरीचं नाव कुठंच आलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. चार वर्षं ते खवखवणं घशात घेऊन शमुवेल रविवारी चर्चमध्ये उभा राहायचा, आणि पापांगीकाराच्या, म्हणजे पापं कबूल करायच्या वेळी सगळ्यांबरोबर ओठ हलवायचा.

यंदा पितृपाट सुरू होता त्या दिवसांत, सकाळी अकराच्या सुमाराला एक पिकअप दुकानासमोर थांबली. गाडी चालवणारी मुलगी उतरली. पंचविशीची, पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट घातलेली, हातात गोधडीत गुंडाळलेलं लांबट काहीतरी. शेजारी बसलेला माणूस उतरला नाही. शमुवेलनं त्याला ओळखलं आणि हातातली कानस खाली ठेवली.

"मामा, मी राजनंदिनी. राहूची." तिनं गोधडी टेबलावर ठेवली आणि कागद पुढं केले. "कोर्टाकडनं सुटली. लायसन वारसानं माझ्या नावावर झालंय. ते गाडीत हायेत, सही लागली तर बोलवा."

ते म्हणजे तिचा बाप. शमुवेलनं कागद तपासले. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती.

"कारेगावला असतीस न्हवं?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं.

"व्हते. कंपनीत क्वालिटीला. आता सोडली. रान पडीक पडायला लागलं. ते झेंडू लावत न्हाईत, कशालाच हात लावत न्हाईत." ती सरळ त्याच्याकडे बघत होती. "ते म्हणतात बंदूक सरकारात जमा कर. मी न्हाई म्हणले. डुकरं हायेत म्हणून तर ती लागतीच. पण जमा केली की आई कशानं गेली ते बी जमा केल्यागत व्हईल. फकस्त मला ती हाय तशी नको. पेटी बदलायची. कुठली बसवायची ते तुम्ही सांगा. गेल्या बारीलाबी तुम्हीच सांगितलं व्हतं म्हणं."

शमुवेलच्या पाठीला उंबरा जाणवला.

"कोण म्हणलं?"

"पावतीवर हाय. काढते मॅगझिन, मिस्तरीच्या सल्ल्यानं."

पावती त्याच्याच हातची होती. तो उठला, कपाटातून तीन पेट्या काढून त्यानं टेबलावरच्या फेल्टवर मांडल्या. हात कामाला लागले की जीव थाऱ्यावर येतो, असा त्याचा अनुभव. त्यानं एक काढती पेटी उचलली. "ही तुझ्या बंदुकीला हाय तसली. भराया सोपी, काढाया सोपी." दुसऱ्या पेटीला तळाला बिजागरीचं झाकण होतं. "ही पोटातच राहते. पर खालचं झाकण उघडलं की काडतुसं एकदम वंजळीत पडत्यात. शिकारी लोकांची आवड." तिसरी नुसती पत्र्याची, चारी बाजूंनी बंद. "आन् ही तुझ्या आजोबांच्या वक्ताची. वरनंच भरायची, वरनंच काढायची. टाइम खाती."

क्वालिटीत काम केलेल्या मुलीला माल नुसता दाखवून भागत नाही. तिनं शिकवण्याची खोटी काडतुसं मागून घेतली. पितळी, आत लाकूड भरलेली. पेटीत तीन घातली, पेटी बंदुकीत बसवली, बोल्ट मागे ओढून पुढं लोटला. मग खटका दाबून पेटी काढली आणि जपून बाजूला ठेवली. पाटावर मांडल्यासारखी.

"आता रिकामी झाली का?"

शमुवेल उरलेल्या दोन पेट्या सरळ रांगेत लावू लागला.

"मामा, इचारतीय. पेटी भायेर काढली. आता ही रिकामी म्हणायची का न्हाई?"

मग तिनं स्वतःच बोल्ट मागे ओढला. खोटं काडतूस उडालं, टेबलावरून घरंगळलं आणि फरशीवर पडलं. राजनंदिनीनं ते उचललं नाही.

"मी चार वर्षं हेच इचारतीय त्यास्नी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दाखवा म्हणलं, कसं केलं. बोल्ट उघडून का न्हाई बघितलं? दोन सेकंदाचं काम. कंपनीत एक नट ढिला ऱ्हायला तर आम्ही शंभर प्रश्न इचारतो, आन् हितं माझी आई गेली तर एकच उत्तर. इसरलो. म्हंजी काय इसरलो? छत्री इसरल्यावानी? मला त्यांचं तोंड बघवत न्हाई, मामा. एका घरात ऱ्हातो, मी भाकरी झाकून ठिवते, ते खात्यात."

शमुवेलच्या समोर आता दोन वाटा उघड होत्या. गप्प राहून बंद पेटी बसवून द्यायची, पैसे घ्यायचे, आणि ही मुलगी जन्मभर बापाला निष्काळजी खुनी समजत राहील. किंवा बोलायचं. बोललं की उद्या गावभर होईल, परवा पोलीस ठाण्यात जाईल, परवान्याचं दुकान, चर्चच्या पंचातलं नाव, बावीस वर्षांची आब, सगळं मातीत. चार वर्षांत हा हिशोब त्यानं इतक्यांदा घातला होता, आणि प्रत्येक वेळी दुकान जिंकलं होतं. आता फरशीवरचं ते पितळी काडतूस हळूहळू लोळत उंबऱ्याकडे जाऊन थांबलं, आणि त्याला वाटलं, कुणीतरी ते हातानं अडवलं.

"तुझ्या बापानं बघितलं न्हाई, कारण मी तसं सांगितलं व्हतं," तो म्हणाला.

"काय सांगितलं व्हतं?"

"पेटी काढली की बंदूक म्हंजी गाय." एवढंच वाक्य बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला. "हितंच बसून सांगितलं. खोटं व्हतं. मला ठावं व्हतं खोटं हाय ते. चहा पीत व्हतो, बोलून गेलो. त्या माणसानं माझ्यावर इस्वास ठिवला, आन् कोर्टात माझं नावसुद्धा घेतलं न्हाई. तुला कुणावर राग काढायचा तर माझ्यावर काढ, पोरी. पोलिसात जा. मी लिहून देतो."

 राजनंदिनीला राग येईल, ती हात उगारेल, काहीही करेल, अशी त्याची तयारी होती. पण ती भलतंच बोलली.

"हे आई म्हणायची."

"कोण?"

"आई. पेटी काढली की गाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. त्या खोलीत झाडायला लागली, बंदुकीवरची धूळ पुसायला लागली. मी घाबरायचे तर मला हसायची. म्हणायची, मिस्तरी म्हणलेत, आता ही गाय हाय." तिनं टेबलाची कड धरली. "मला वाटायचं तिचं तिलाच सुचलं."

शमुवेल खाली बसला. चार वर्षं तो समजत होता की त्या दिवशी त्याचं बोलणं बाळासोनं ऐकलं आणि बाळासो चुकला. उंबऱ्यावर बसलेल्या बाईकडे तेव्हा त्यानं नीट बघितलंही नव्हतं. बंदुकीचं बोलणं बायामाणसांशी कोण करतो? ती नवऱ्याच्या वतीनं जाब विचारायला येते, असंच त्याला आजवर वाटत आलं होतं. तर इतकी वर्षं ती स्वतःसाठी येत होती. विश्वास तिनं ठेवला होता. तिचीच भीती त्यानं एका वाक्यात काढून घेतली होती, आणि ती भीती खरी होती, शहाणी होती, त्या भीतीनंच तिला वाचवलं असतं. हे कळल्यावर आपण बोलून मोकळे झालो असं त्याला मुळीच वाटलं नाही.

"मिस्तरी, तुमचा काय दोष न्हाई त्यात."

बाळासो दारात उभा होता. कधी उतरून आला दोघांना कळलं नव्हतं. चार वर्षांत माणूस निम्मा झाला होता, सदऱ्यात हरवलेला. टेबलावरच्या बंदुकीकडे न बघता तो बोलत होता.

"मी इसरलो नव्हतो," तो म्हणाला.

राजनंदिनी वळली.

"आमच्यात रिकामं हत्यार पुजत न्हाईत," बाळासो शमुवेललाच सांगत होता, मुलीकडे बघायचं धाडस त्याला नव्हतं. "माझा बाप सांगायचा, रिकामं हत्यार पुजलं की घर रिकामं व्हतं. त्याच्या वक्ताला सोपं व्हतं. बंद पेटी, पाच काडतुसं पोटात, चेंबर मोकळं. हत्यार भरलेलं आन् भ्या बी न्हाई. ही काढती पेटी आली आन् धुरपदा म्हणाली, पुजंला पेटी भायेर ठिवा, मला दिसंल अशी. तिचं खरं व्हतं. पर पेटी भायेर म्हंजी हत्यार रिकामं. बापाचा शब्द मोडंना. मग ती फुलं आणाया गेली तवा मी एक काडतूस चेंबरला घातलं आन् बोल्ट लावला. म्हणलं तिचंबी मन राहील, बापाचंबी राहील. आरती झाली की काढून टाकू."

"आन् सेफ्टी?" शमुवेलच्या तोंडून निघालं.

"लावली व्हती. लावली व्हती असं वाटतं. पुसताना सरकली का मीच लावली न्हाई, त्ये रोज रातंदिस आठवतो, न्हाई आठवत."

"तिला सांगितलं का न्हाई?" राजनंदिनीनं विचारलं.

बाळासो खाली बघत बोलला. "भ्याली असती. पुजंला बसलीच नसती. सणाच्या दिवशी कटकट नको म्हणून..." त्यानं दाराची चौकट धरली. "कोर्टात म्हणलो इसरलो. जाणूनबुजून घातलं असं कोणत्या तोंडानं सांगू? तुला तर त्याहून न्हाई."

 शमुवेलनं एकदा बाळासोकडे बघितलं, एकदा राजनंदिनीकडे. त्यानं स्वतः एक वाक्य अर्धं सोडलं होतं, बाळासोनं एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या दोघांच्या मधल्या जागेत धुरपदा निर्धास्त मनानं हार घालायला बसली होती. तिच्या समोर पेटी होती, काढलेली, नीट दिसेल अशी.

राजनंदिनीनं टेबलावरची कामाची चिठ्ठी ओढून घेतली. मॅगझिन या शब्दापुढची जागा कोरी होती.

"झाकणाची पेटी उघडली तरी चेंबरचं चेंबरमधीच ऱ्हातं?" तिनं शमुवेलला विचारलं.

"व्हय."

"आन् बंद पेटीचं?"

"रिकामी करायची तर बोल्ट उघडावाच लागतो. पैलं चेंबरचंच भायेर येतं. दिसल्याबगर न्हाई ऱ्हात." मग तो थांबला. आज तरी अर्धं सोडायचं नव्हतं. "पर कुणी जाणूनबुजून एक आत ठिवलं, तर ठिवणाऱ्याला कुठलीच पेटी आडवत न्हाई. ते मिस्तरीच्या हातात न्हाई. दर बारीला बोल्ट उघडून बघायचं, बोट घालून बघायचं. कोण काय बी म्हणूद्यात. मी म्हणलो तरी."

तिनं चिठ्ठीवर लिहिलं, बंद पेटी. खाली सही केली. अक्षर कारखान्यातल्या तपासनिसाचं, स्वच्छ.

"कवापर्यंत मिळंल?"

"चार-पाच दिसांत."

"खंडेनवमीच्या आधी पायजे. पुजंला ठिवायचीय."

"नको," बाळासो म्हणाला. त्याचा हात नकळत पुढं आला होता. "पोरी, पुजू नको तिला. घरात आण, डुकरं मार, काय करायचं ते कर. पर पाटावर नको. भरून पुजायची म्हणलं तर मला बघवायचं न्हाई, आन् रिकामी पुजली तर..."

"रिकामीच पुजणार," राजनंदिनी म्हणाली. "बोल्ट उघडा ठिवून पुजणार, येईल त्याला आत दिसंल असा. घर रिकामं व्हतं म्हणता? आता कोण ऱ्हायलंय घरात, आप्पा? तुम्ही आन् मी."

बाळासो चौकटीला धरून होता. हात सुटला आणि तो तिथंच खाली बसला, तोंड दोन्ही हातांनी झाकून. रडण्याचा आवाज असा येत होता की गल्लीतून जाणारी एक बाई थांबून आत डोकावली आणि पुढं गेली. शमुवेल पाणी आणायला उठला, पण मुलीनं मानेनंच त्याला नको म्हटलं.

ती बापाजवळ गेली नाही. गाडीची किल्ली हातात धरून टेबलाशीच उभी राहिली, त्याचं रडणं संपायची वाट बघत.